कृष्णाकाठच्या बत्तीस बाटल्या

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात क्षेत्र महाबळेश्वरापासून नृसिंहवाडीपर्यंत कृष्णेच्या काठाकाठाने पाच दिवस आम्ही फिरलो आणि परत आल्यावर पुण्याच्या प्रयोगशाळेत आणखी तीन दिवस गेले. हे आठही दिवस मी एकाच प्रवासाचे धरते. नदीच्या पाण्यात शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त, निकेल, आर्सेनिक हे धातू लिटरमागे एखाद-दुसऱ्या मायक्रोग्रॅमच्या हिशेबात शोधायचे असतील, तर मोजणी यंत्रापाशी सुरू होत नाही, ती घाटाच्या पायरीवर सुरू होते. एक मायक्रोग्रॅम प्रतिलिटर म्हणजे दहा लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम. दहा हजार लिटरचे शंभर टँकर रस्त्याने ओळीत उभे करावेत आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम शिसे असावे, असा हा प्रकार आहे. अशा वेळी नमुना घेणाऱ्याच्या बोटातली अंगठीसुद्धा कारखान्याइतकी मोठी होऊन बसते.

आम्ही तिघे होतो. मी, माझी संशोधक विद्यार्थिनी आणि गाडीचे चालक मामा, जे मूळचे कोरेगावकडचे असल्यामुळे प्रत्येक वळणावर त्यांचा एखादा पाहुणा निघत असे. सोबत 250 मिलीच्या बत्तीस बाटल्या होत्या. सात ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी गाळलेल्या पाण्याचे दोन नमुने, न गाळलेला एक आणि एक ब्लँक, अशा अठ्ठावीस झाल्या, चार जादा. ब्लँक म्हणजे प्रयोगशाळेतलेच अतिशुद्ध पाणी नदीवर न्यायचे, तिथे उघडायचे, नमुन्यासारखेच गाळायचे आणि परत आणायचे. नदीशी त्याचा काही संबंध येत नाही, म्हणून त्यात जो धातू सापडेल तो आपण स्वतः घातलेला असतो.

पहिला दिवस : क्षेत्र महाबळेश्वर

पुण्याहून पहाटे निघून नऊच्या सुमारास जुन्या महाबळेश्वरात पोहोचलो तेव्हा धुके पूर्ण उठलेले नव्हते आणि वेण्णा तलावाच्या बाजूला गवतावर पांढरी साय धरल्यासारखी दिसत होती. पंचगंगा मंदिरातले पाणी आम्ही घेतले नाही. तिथे कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे पाणी एकाच गोमुखातून पडते, त्यामुळे कोणत्या नदीचा नमुना घेतला हे सांगता आले नसते. शिवाय लोक ते तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात, तिथे हातमोजे घालून बाटल्या धरणे मला बरे वाटले नाही. थोडे पुढे कृष्णाबाईचे जुने दगडी मंदिर आहे. त्याच्याही खाली, दरीच्या अंगाने उतरणाऱ्या झऱ्यावर आम्ही पहिली बाटली भरली.

माथ्यावर जांभा आहे. लाखो वर्षांच्या पावसाने बेसॉल्टमधले विरघळण्याजोगे सगळे धुऊन नेल्यावर लोह आणि ॲल्युमिनियमची जी लाल ढेकळे उरली, तो हा दगड. खाली उतरू लागले की काळा बेसॉल्ट लागतो. दख्खनच्या या बेसॉल्टमध्ये तांबे, निकेल, क्रोमियम आणि व्हॅनेडियम मुळातच बऱ्यापैकी असते, आणि हे लक्षात न ठेवता सांगलीच्या पाण्यातला प्रत्येक धातू कारखान्याच्या नावे लिहिणे म्हणजे घरातल्या दागिन्यांची नोंद न करता चोरीची फिर्याद देणे आहे. पहिली बाटली उगमाशी भरण्याचे कारण तेच.

पाणी इतके थंड होते की विद्यार्थिनीची बोटे हातमोज्यातही वळेनात. वर आल्यावर एका टपरीवर गवती चहा मिळाला आणि दुपारी एका घरगुती खाणावळीत पिठले, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. खाणावळीच्या काकूंनी बाटल्यांची पेटी पाहून "औषध फवारायला आलात का?" असे विचारले. स्ट्रॉबेरीच्या शेतांतून फवारणी सतत चालू असते, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त होता. तांबेयुक्त बुरशीनाशकांची आठवण मला त्यांच्यामुळेच झाली आणि मी वहीत तसे टिपून ठेवले.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. बाटल्या पॉलिथिलीनच्या घ्याव्यात, काच नको. दहा टक्के नायट्रिक आम्लात त्या आठवडाभर बुडवाव्यात, अतिशुद्ध पाण्याने अनेकदा विसळाव्यात आणि प्रत्येक बाटली दोन पिशव्यांत, एकीत एक, अशी बंद करून न्यावी. पाऱ्याला ही पद्धत चालत नाही, त्याची बाटली आणि त्याचे रसायन दोन्ही वेगळे. आम्ही या फेरीत पारा मोजलाच नाही. आम्लही गाडीत नेऊ नये. नमुन्यात आम्ल परत आल्यावर प्रयोगशाळेत घातले तरी चालते, फक्त ते दोन आठवड्यांच्या आत घालावे लागते.

दुसरा दिवस : धोम, मेणवली, वाई

धोम धरणाच्या खालच्या अंगाला सकाळी नमुना घेतला. तिथे विशेष काही घडले नाही, फक्त एक बगळा आमच्यापासून दहा हातांवर शेवटपर्यंत उभा राहिला. धरणाच्या तळाचे पाणी उन्हाळ्यात प्राणवायूला मुकले की गाळातले मँगनीज आणि लोह विरघळून वर येते. म्हणून धरणाखालचा नमुना कोणत्या ऋतूत घेतला हे बाटलीवर लिहिलेच पाहिजे.

मेणवलीला मात्र अर्धा दिवस गेला. नाना फडणविसांच्या वाड्यामागचा तो चंद्रकोरीसारखा घाट चित्रपटांमुळे सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. आम्ही पांढरे अंगरखे, टोप्या आणि हातमोजे चढवून पायऱ्या उतरू लागताच चार मुले धावत आली आणि "शूटिंग कुठलं आहे?" म्हणून विचारू लागली. त्यातल्या मोठ्याला मी काम समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि मित्रांकडे वळून निर्णय दिला, "पाण्याचं हाय रे, हिरो न्हाई."

नमुना घेण्याची रीत दोन माणसांची असते. इंग्रजीतल्या नावाचे शब्दशः भाषांतर न करता आम्ही आपसांत तिला सोवळे-ओवळे म्हणतो. सोवळ्यातला माणूस फक्त आतली पिशवी, बाटली आणि पाणी यांना हात लावतो. बाहेरची पिशवी उघडणे, वही लिहिणे, दोरी धरणे, नाकावरची माशी हाकलणे हे सगळे ओवळ्यातल्याचे. मेणवलीला विद्यार्थिनी सोवळ्यात होती. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, म्हणजे तिच्या पायांनी ढवळलेला गाळ मागे वाहून जाईल. बाटली तिने तोंड खाली करून पाण्यात नेली, कोपरभर खोलीवर उलटी केली, भरली, पाण्याखालीच झाकण लावले. मग ते पाणी प्रवाहाच्या खाली ओतून दिले. असे तीनदा झाल्यावर चौथ्यांदा भरलेले पाणी आम्ही ठेवले. काठावर बसून सिरिंजने ते 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून दाबत दुसऱ्या बाटलीत उतरवले. गाळणीतून जे उतरले ते विरघळलेले, असे सगळे जग मानते. खरे तर त्याहून बारीक मातीचे कणही खाली उतरतात. पण सगळ्यांनी एकच चाळण वापरली तर निदान तुलना करता येते.

घाटावरच्या मंदिराजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर आलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ती एक. तिच्याखाली उभ्या राहून मामांनी विचारले, "मॅडम, हिच्यावरनं पाणी पडून नदीत जात आसंल की पावसाळ्यात, ते धरायचं का?" मी हसले खरी, परंतु प्रश्न हसण्यासारखा नव्हता. काठावरच्या शेंदूर लावलेल्या दगडांबद्दल आम्ही हाच विचार करून जागा वरच्या बाजूला सरकवली होती, कारण शेंदूर म्हणजे परंपरेने शिशाचे ऑक्साइड.

वाईत ढोल्या गणपतीच्या घाटावर सायंकाळी नुसतेच बसलो. वाईचे स्वतंत्र ठिकाण आम्ही ठेवले नव्हते, मेणवलीचेच धरले होते. कृष्णाबाईच्या उत्सवाची बोलणी चालू होती आणि मांडवाच्या बांबूंवरून दोन गृहस्थांत कडाक्याचा वाद रंगला होता. तो ऐकत ऐकत आम्ही गरम उसाच्या काकवीबरोबर थालीपीठ खाल्ले.

तिसरा दिवस : संगम माहुली आणि कऱ्हाड

साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. काळ्या दगडाची मंदिरे, उतरत्या पायऱ्या आणि सकाळची कोवळी उन्हे; काम तासाभरात आटोपले. साताऱ्यात कंदी पेढे घेतले आणि ते नमुन्यांच्या पेटीत ठेवू नयेत यावर मी मामांशी थोडी कठोर बोलले. त्या गडबडीत हातमोज्यांचा निम्मा भरलेला डबा मुक्कामाच्या खोलीवरच राहिला. हे आम्हाला कळले ते कऱ्हाडच्या नमुन्यानंतर. त्या वेळी पिशवीत शेवटची एकच जोडी होती, आणि तीही तिथेच संपली.

कऱ्हाडचा प्रीतिसंगम मी पूर्वी चार वेळा पाहिला होता, पण तिथे नमुना घेणे किती अवघड आहे हे याच वेळी समजले. कोयना आणि कृष्णा एकमेकींच्या समोरून येऊन भेटतात आणि काटकोनात वळून पुढे निघतात. दोन नद्या भेटल्या म्हणून त्यांचे पाणी लगेच मिसळत नाही. बरेच अंतर त्या एकाच पात्रात शेजारी शेजारी, सासरी आलेल्या दोन जावांसारख्या, आपापले राखून वाहतात. एका काठावरून बाटली भरली तर ती एकाच जावेची बाजू ऐकल्यासारखी होते. म्हणून आम्ही विद्युतवाहकता मोजणारी कांडी घेऊन पात्राच्या आडव्या रेषेत पाच ठिकाणी पाणी तपासले आणि दोन्ही काठांचा आकडा जुळेपर्यंत खाली खाली सरकत गेलो. त्यात दुपार गेली. उन्हाने डोके तापले, पण माझ्या मते या फेरीतले सर्वांत चोख काम तेच.

पुलावर थांबलो असताना एका एसटीच्या खिडकीतून कोणीतरी नाणे टाकले. नदीत नाणे टाकण्याच्या रूढीला तांब्याच्या गुणांचा आधार देणारे लोक मला नेहमी भेटतात. हल्लीचे रुपयाचे नाणे क्रोमियम असलेल्या पोलादाचे असते, त्यातून पाण्याला मिळण्यासारखे काही नाही. पुलांवरून नमुने घेणाऱ्यांना मात्र नाण्यांपेक्षा कठड्याची भीती बाळगावी लागते. कठडा जस्ताचा मुलामा दिलेला असतो, आणि त्यावरून घासून खाली सोडलेली दोरी जस्त बरोबर घेऊन जाते.

सायंकाळी यशवंतराव चव्हाणांच्या समाधीच्या परिसरात फिरलो, भेळ खाल्ली आणि बाजारातल्या एका औषधांच्या दुकानातून रबरी हातमोज्यांचा डबा विकत घेतला. पावडर नसलेले नायट्रिलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, मिळाले नाहीत. साधे, पावडर लावलेले लेटेक्सचे मिळाले. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," असे मीच म्हणाले. हे वाक्य पुढे मला फार महागात पडले.

चौथा दिवस : हरिपूर

पहाटे कऱ्हाड सोडले. पलूस-भिलवडीच्या बाजूने जाताना उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांच्यामागे तास दीड तास रांगत होतो. एका गुऱ्हाळावर थांबलो तेव्हा गरम गूळ पळसाच्या पानावर मिळाला, त्याला अजून धूर आणि मळीचा वास होता. गुऱ्हाळवाल्या काकांना आम्ही नदीच्या मधले पाणी हवे असते असे सांगताच ते म्हणाले, "मग काहील नेता का? पुरात आमी तीच घालतो पाण्यात." ऊस कढवायची ती लोखंडी काहील, सहा-सात माणसे मावतील एवढी. पूर आला की कृष्णाकाठची माणसे तिचीच नाव करतात हे मी ऐकले होते, पण रिकामी काहील समोर पाहिल्यावर तिच्यात बसायचा मोह फार झाला. लोखंडाच्या नावेतून लोह मोजायला जाणे बरे नाही, एवढे बोलून मी तो आवरला.

सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. संगमेश्वराच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिंचेची जुनी झाडे आहेत, आणि गावाच्या परिसरात हळद साठवायची पेवे. जमिनीत खोल खणलेल्या या घागरीच्या आकाराच्या खोल्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकते. एका गृहस्थांनी पेवाचे तोंड दाखवले. पुरांनी बरीच बुजली, असे ते म्हणाले. हळदीचा मोसम सुरू होत होता, हवेत तिची बारीक धूळ होती आणि माझ्या पांढऱ्या अंगरख्यावर दुपारपर्यंत पिवळी झाक आली. त्या धुळीपासून बाटल्या वाचवण्यासाठी आम्ही गाडी वाऱ्याच्या खालच्या बाजूला लावली, प्लास्टिकचा तंबू उभारून त्यात गाळणी केली आणि एवढी काळजी घेताना हातांत जे घातले होते त्याकडे पाहिलेच नाही.

पाचवा दिवस : नृसिंहवाडी

वाडीला पहाटे पाचला पोहोचलो. घाटावर गारठा, काकड आरतीचे सूर आणि पंचगंगेच्या बाजूने येणारे धुके; दहा मिनिटे कोणीही बोलले नाही. पावसाळ्यात हेच मंदिर पाण्याखाली असते. पुराचे पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते तेव्हा दक्षिणद्वाराचे स्नान करायला माणसे धावतात. आमच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची नदी ती आहे. धातूंचा मोठा वाटा विरघळून जात नाही, गाळाच्या कणांना चिकटून जातो, आणि वर्षभराचा बहुतेक गाळ पुराच्या थोड्या दिवसांत वाहतो. जानेवारीची निवळ कृष्णा पाहून नदीविषयी मत देणे म्हणजे लग्नघर दुसऱ्या दिवशी पाहण्यासारखे आहे.

न गाळलेली बाटली भरत असताना एक आजी शेजारच्या पायरीवर आल्या. नऊवारी ओली, हातात पितळेचा तांब्या, चिंचेने घासून लखलखीत केलेला. विद्यार्थिनी पाण्यात वाकून धडपडते आहे हे पाहून त्यांना राहवले नाही.

"अगं पोरी, कशाला वाकतीस? थांब, मी देते भरून."

"नको आजी, आम्हाला असंच घ्यावं लागतं."

"घे की गं. तांब्या चिंचेनं घासलाय आत्ताच. सोवळ्याचा हाय."

सोवळ्याचा या शब्दावर आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. विद्यार्थिनीने काही न बोलता जादा बाटल्यांपैकी एक उघडून पुढे धरली आणि आजींनी तांब्या बुडवून तीत पाणी ओतले, एक थेंबही न सांडता. बाटलीवर तिने पेनाने लिहिले : "आजी". मग आजींनी विचारले, "आता सांगा, पाणी चांगलं हाय न्हवं?" मी म्हणाले, तपासून सांगते. "तपासा बाई," असे म्हणून त्या वर निघून गेल्या.

परत निघण्यापूर्वी बासुंदी आणि कवठाची बर्फी घेतली, आणि मामांनी घरासाठी कृष्णाकाठची वांगी, पिशवीभर. पेटीत बर्फ नव्याने भरला. रात्री उशिरा पुणे.

प्रयोगशाळेतले तीन दिवस

सहाव्या दिवशी फक्त आम्ल घातले आणि थांबलो. उकळी न आणता ऊर्ध्वपातित केलेले नायट्रिक आम्ल, दर बाटलीला अर्धा मिली. प्रवासात धातूंचे काही अणू बाटलीच्या भिंतीला जाऊन चिकटतात. आम्लाने ते सुटून पाण्यात परततात, पण त्यांना वेळ लागतो, म्हणून निदान सोळा तास बाटलीला हात लावायचा नसतो.

सातव्या दिवशी आयसीपी-एमएस, म्हणजे पाण्यातले धातू अणूंच्या वजनावरून ओळखून मोजणारे यंत्र, सुरू केले. या तंत्राचा पहिला निबंध 1980 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एम्स इथून निघाला. आज ते यंत्र टेबलावर मावते. आरगॉन वायूची ज्योत पेटते ती खऱ्या अर्थाने ज्योत नसतेच. रेडिओ लहरींनी तापवलेला तो आयनद्रायू, म्हणजे प्लाझ्मा, सहा हजार अंशांच्या वर गेलेला, काळ्या काचेतून पाहिले तर निळसर पांढरा, अंगठ्याएवढा. नमुन्याचे पाणी तुषार होऊन त्यात शिरते, अणूंचे आयन होतात आणि निकेलच्या शंकूतल्या बारीक भोकातून ते निर्वातात ओढले जाऊन वजनाप्रमाणे वेगळे मोजले जातात. शिसे 208, कॅडमियम 111, आर्सेनिक 75.

या 75 मध्ये एक फसगत आहे. आरगॉनचा अणू 40 आणि क्लोरीनचा 35; दोघे जोडीने गेले की यंत्राला 75 दिसतात. क्लोरीन आणि ऑक्सिजन यांची जोडी 51 भरते, तेच व्हॅनेडियमचे वजन. नदीत क्लोराइड वस्त्यांच्या सांडपाण्याने आणि शेतांतून निथरणाऱ्या पाण्याने खाली खाली वाढत जाते. विद्यार्थिनीला दाखवण्यासाठी मी सगळी मालिका आधी मुद्दाम साध्या पद्धतीने चालवली, तर महाबळेश्वरापासून वाडीपर्यंत आर्सेनिकची रेघ चढत गेली, वर्तमानपत्रात छापण्याजोगी. मग मार्गात हीलियम सोडला. जोडीने जाणारे अणू हीलियमच्या गर्दीत आपटून मागे पडतात, एकटा जाणारा निसटतो. आर्सेनिकचा चढ जवळजवळ नाहीसा झाला. व्हॅनेडियमचा कमी झाला पण राहिला, कारण तो बेसॉल्टचा आहे, खरा आहे.

इथे माझ्या वहीतले आकडे मी देत नाही. एका फेरीचे सात नमुने नदीवर निकाल देण्यासाठी नसतात, पद्धत बसवण्यासाठी असतात, आणि एकदा छापलेला आकडा परत बोलावता येत नाही. मोठमोठ्यांचेही आकडे चुकलेले आहेत. 1991 मध्ये एका शोधनिबंधाने दाखवून दिले की अमेरिकेतल्या नद्यांमधल्या विरघळलेल्या धातूंची सरकारी मोजणी नमुने घेतानाच्या दूषिततेमुळे खऱ्यापेक्षा कितीतरी फुगलेली होती. त्यानंतरच ती सोवळ्या-ओवळ्याची रीत तिथे नियम म्हणून लिहिली गेली. घरी तपासणीचा कागद आलेल्या वाचकांच्या सोयीसाठी मात्र भारतीय पेयजल मानक, आयएस 10500, इथे देते : शिसे आणि आर्सेनिक लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम, कॅडमियम 3, निकेल 20, क्रोमियम 50. कागदावर "आढळले नाही" असे लिहिलेले असेल तर ते यंत्र किती खालपर्यंत पाहू शकत होते हे जरूर विचारावे. 20 च्या खाली न दिसणाऱ्या यंत्राने शिसे नाही म्हणणे निरुपयोगी आहे.

दुपारी चार वाजता ब्लँक आले. महाबळेश्वर, धोम, मेणवली, माहुली, कऱ्हाड, पाचही स्वच्छ. हरिपूरच्या ब्लँकमध्ये जस्त इतके, की नदीच्या नमुन्यातल्या जस्ताशी बरोबरी करत होते. वाडीचेही तसेच. ज्यातले धातू आधीच ठाऊक असतात असे प्रमाणित संदर्भ-पाणी लावून पाहिले, ते अचूक आले. म्हणजे यंत्र निर्दोष होते आणि दोष आमचा.

रात्री झोप लागली नाही. आठव्या दिवशी सकाळी आम्ही संशयितांची यादी केली. विद्यार्थिनीने त्या दोन दिवशी चेहऱ्याला लावलेले उन्हाचे मलम, ज्यात जस्ताचे ऑक्साइड असते, हरिपूरच्या घाटावरचा लोखंडी नळ, हळदीची धूळ, बर्फाचे पाणी. तिने मलमाचा दोष स्वतःकडे घ्यायची तयारीसुद्धा केली होती. मग तीच एकदम थांबली आणि म्हणाली, "मॅडम, मलम मी महाबळेश्वरलाही लावलं होतं." आम्ही दोघींनी कपाटावरच्या त्या उघड्या डब्याकडे पाहिले. रबर टिकाऊ करताना त्यात जस्ताचे ऑक्साइड घालतात, हे मी पंधरा वर्षे वर्गात शिकवत आले आहे. एक हातमोजा कात्रीने कापून दोन चौरस सेंटिमीटरचा तुकडा सौम्य आम्लात तासभर ठेवला आणि ते पाणी शंभर पट पातळ करून यंत्राला दिले, तरीही जस्ताचा काटा मोजपट्टीच्या बाहेर गेला. नायट्रिलच्या नव्या डब्यातल्या तुकड्याने तसे काही केले नाही.

हरिपूर आणि वाडीचे जस्त वहीत लाल रेघेने खोडले. शिसे, तांबे, निकेल यांच्या ब्लँकला काही झालेले नव्हते, ते राहू दिले.

शेवटी "आजी" लिहिलेली बाटली लावली. तिच्यात तांबे शेजारच्या वाडीच्या नमुन्याच्या अनेक पट होते आणि शिसेही उठून दिसत होते, कारण ओतकामाच्या पितळेत थोडे शिसे असतेच. पाणी तांब्यात मिनिटभरही नव्हते. पण चिंचेने नुकतेच घासून उघडे पडलेले पितळ ते. पितळेतून आधी जस्त सुटते हे पुस्तकातले वाक्य या बाटलीवर पडताळून पाहण्याची मला फार इच्छा होती, परंतु बाटली धरणाऱ्या हातातही तोच मोजा होता, तेव्हा तिचेही जस्त खोडावे लागले. तांबे पिण्याच्या मर्यादेच्या आतच होते, हे आजींना सांगायला हरकत नाही. नदीचे पाणी चांगले आहे का, हा त्यांचा प्रश्न मात्र धातूंपुरता नव्हता, आणि त्याला जंतूंची तपासणी लागेल, ती आम्ही केलेली नाही.

पुढच्या महिन्यात हरिपूर आणि वाडी पुन्हा करायचे आहे. आठ बाटल्या आम्लात पडल्या आहेत. नायट्रिलचे दोन डबे घेऊन ठेवले. एक पेटीत जाईल आणि दुसरा मामा आपल्या आसनाखाली ठेवणार आहेत, पेढ्यांशेजारी.